किती केलेस?

मुलगी बास्केटबॉल खेळून आली की आम्ही पालक पहिला प्रश्न काय विचारतो? "किती केलेस?" परवा ती म्हणाली, "दोन," आणि गप्प बसली. तिच्या पासवर मैत्रिणींनी चार बास्केट केल्या होत्या, हे आम्हाला दुसऱ्या मुलीच्या आईकडून कळलं!

मुलांनो, सॅक्रामेंटो किंग्जचे विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, आणि आमच्यासारखेच सॉफ्टवेअरवाले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांचा संघ वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी खेळला. पाहायला तीन हजारांवर शाळकरी मुलं होती. जादा वेळेत पेसर्स १३२-१३१ असे जिंकले. त्यांच्या टी. जे. वॉरनचे ३० गुण सर्वांच्या लक्षात राहिले. पण सामना एका गुणाने जातो तेव्हा एक रिबाउंड किंवा हातून निसटलेला एक चेंडूही तेवढाच महाग पडतो. म्हणून तर तक्त्यात त्यांचे वेगळे रकाने असतात. एक रकाना तर खेळाडू मैदानात असताना संघ किती पुढे गेला की मागे पडला, एवढंच सांगतो. तिथे भरपूर गुण करणाराही उणे निघू शकतो.

कार्डिफच्या आम्हा पालकांचा तक्ता मात्र एकाच रकान्याचा. शाळेच्या प्रगतिपुस्तकाचंही तेच. या आठवड्यात आम्ही विचारलं, "कुणाकुणाला पास दिलेस?" उत्तर घर येईपर्यंत संपलं नव्हतं.