बातम्यांचे बिऱ्हाड

भाड्याच्या जागा बदलण्यात ज्यांचे अर्धे आयुष्य गेले, त्यांना बिऱ्हाड हलवण्याचे हाल मी काय सांगावेत! पण गेल्या महिन्यात मी जे बिऱ्हाड हलवले, त्याला ना टेम्पो लागला ना हमाल. मी माझा फीडवाचक बदलला.

फीडवाचक म्हणजे संगणकातला पेपरवाला. वृत्तपत्रांची संकेतस्थळे आणि हौशी मंडळींच्या अनुदिन्या आपल्या नव्या मजकुराची एक यादी तयार ठेवतात. तिला म्हणतात फीड. १९९९ साली नेटस्केप कंपनीने 'आरएसएस' नावाने ही तऱ्हा काढली. आपण पत्ते नेमून द्यायचे. हा गडी दर थोड्या वेळाने त्या त्या दारी जाऊन नवे ते घेऊन येतो. खोड एकच. आपण न वाचलेल्या लेखांचा आकडा तो रोज आपल्यासमोर धरतो. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "दुकानदाराची उधारी बरी, ती निदान महिन्यातून एकदाच दिसते!"

पूर्वी पेपर बदलणे ही केवढी गोष्ट होती! १९५६च्या नोव्हेंबरात आचार्य अत्र्यांचा 'मराठा' निघाला, तेव्हा आमच्या आजोबांनी जुने पत्र सोडून तो धरला. आजी सांगे, की त्या दिवशी गडबमध्ये निम्मे लोक त्यांच्याशी जास्त बोलू लागले आणि उरलेले कमी. आता असे काही होत नाही. गूगलने २००५च्या ऑक्टोबरात काढलेला 'रीडर' १ जुलै २०१३ रोजी बंद केला, तेव्हा जगभरच्या वाचकांना एकदम नवे घर शोधावे लागले. त्यांना मुदत होती साडेतीन महिन्यांची. मला तर कोणी हुसकले नव्हते. पुतण्या म्हणाला, "काका, नवा चांगला आहे," आणि मी निघालो.

हलवणे सोपे निघाले. जुन्या ठिकाणी एक बटण दाबले, की 'ओपीएमएल' नावाची चिठ्ठी हाती येते. नव्या ठिकाणी ती दिली, की दोन मिनिटांत सारे पत्ते जागच्या जागी. माझे एकशेबारा पत्ते होते. एकशेअकरा लागले. एकापुढे लाल खूण आली, पत्ता सापडत नाही.

तो आमच्या गुरुजींचा होता.

आमचे गडब पेण तालुक्यात, मुंबई-गोवा रस्त्यावर, डोलवीच्या पोलाद कारखान्याजवळ. खाडीच्या बाजूला खारजमीन. उधाणाचे पाणी थोपवायला बांध, आणि बांधाला खांड पडली की भातशेतीत खारे पाणी. पेन्शनीत निघाल्यावर गुरुजी संगणक शिकले आणि या सगळ्याची अनुदिनी लिहू लागले. कुठल्या उधाणाला कुठे खांड गेली, कोणाचे शेत किती वर्षे नापीक राहिले, सारे बारकाईने. लिहून झाले की मला मुंबईला फोन. "वाचलंस का रे?"

"हो गुरुजी, वाचलं ना!" मी म्हणे. खरे तर मी वरचे दोन-तीन वाचून बाकीचे रविवारवर टाकलेले असत.

पाच वर्षांपूर्वी गुरुजी गेले. संकेतस्थळाची वर्गणी कोण भरणार? पत्ता मोडला. चिठ्ठीत पत्ते तेवढे जातात, आणलेला मजकूर जात नाही, ही साधी गोष्ट मला तेव्हा कळली. दार बंद झालेल्या घरातून नवा गडी काय आणणार? जुन्याने मात्र त्या वेळी आणलेले सारे सांभाळून ठेवले होते. मी घाईघाईने परत गेलो. गुरुजींच्या नावापुढे आकडा होता, न वाचलेले त्रेचाळीस.

खाते महिनाअखेर बंद होणार होते. दोन रात्री बसून मी एकेक लेख उतरवून घेतला आणि उतरवता उतरवता पहिल्यांदाच वाचला. एकतिसावा लेख एका जुन्या खांडीचा होता. गुरुजी तेव्हा पोरसवदा होते. भरतीच्या आत बांध सांधायचा म्हणून गावचे लोक रात्रभर चिखल, दगड आणि पेंढा टाकत होते, आणि कंबरभर पाण्यात कंदील धरून उभे होते ते माझे आजोबा. घरात मला हे कोणी सांगितले नव्हते. गुरुजींनी लिहिले होते, तेही बहुधा मी वाचावे म्हणून.

सगळे छापून, पेणला बांधून घेतले आणि दसऱ्याच्या आदल्या रविवारी गडबला गेलो. गुरुजींच्या मुलाने ते बाड दोन्ही हातांनी घेतले. वहिनींनी चहा ठेवला.

"बरं झालं काका, आमच्याकडे यातलं काही उरलं नव्हतं," तो म्हणाला. "बाबा नेहमी सांगायचे, बाकी कोणी वाचो न वाचो, मुंबईत माझा एक विद्यार्थी आहे, तो एकही लेख सोडत नाही."

चहा फार गरम होता. मी खाली मान घालून तो बशीत ओतला.