गळती नेमकी कोठे?

आमच्या घरी वडिलांनी घेतलेली १९७० सालची फियाट ११०० डिलाइट आहे. तिच्याखाली रोज सकाळी तेलाचे रुपयाएवढे वर्तुळ दिसू लागले, तेव्हा एका गॅरेजमध्ये निर्वाळा मिळाला, ‘‘साहेब, मागचे ऑइल सील गेले. इंजिन उतरवावे लागेल.’’ खर्चाचा आकडा प्राध्यापकाला दचकविणारा होता. अनुमान अगदीच निराधार नव्हते. तेल इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याखालीच ठिबकत होते. परंतु थेंब जेथे पडतो तेथेच त्याचा उगम असतो, हे गृहीतच तपासावयास हवे होते.

तेल आपल्या वजनाने खाली उतरते आणि गाडी धावत असता वाऱ्याने मागे सरकते. म्हणून उगम शोधावयाचा तो सर्वांत वरच्या व सर्वांत पुढच्या ओल्या जागी. एका वृद्ध मिस्त्रींनी पुढे हेच केले. थेंब बोटावर घेऊन ते इंजिनाचेच तेल असल्याची खात्री करून घेतली. मग थंड इंजिन रॉकेलने धुतले, कोरडे केले, वर टाल्कम पावडर भुरभुरविली आणि इंजिन तापेपर्यंत चालू ठेवले. पांढऱ्या थरावर ओली रेघ उमटली ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेपासून! तेथून तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत सांध्याखाली येत होते.

मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. पॅकिंगने दगा का दिला, हे पाहू जाता ब्रीदरची नळी काजळीने चोंदलेली आढळली. पिस्टनच्या रिंगांवरून निसटणाऱ्या वायूला वाट उरली नाही, की आतील दाब वाढतो आणि तेल सर्वांत दुबळ्या सांध्यातून बाहेर ढकलले जाते. नळी तशीच ठेवून कितीही पॅकिंगे बदलली असती, तरी तेलाने दुसरी वाट शोधली असती. नळी साफ झाली, पॅकिंग नवे बसले. इंजिन जागचे हलले नाही.

पहिल्या गॅरेजवाल्यास लबाड ठरविण्याची घाई मात्र करू नये. विक्रेत्यास ठाऊक असलेले ग्राहकास ठाऊक नसेल तर बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखविले. दुरुस्तीच्या धंद्यात तर निदान करणारा आणि उपाय विकणारा एकच असतो. शिवाय दोष आपलाही आहे. नव्या सुट्या भागाचे पैसे आपण मुकाट्याने मोजतो. अर्धा दिवस शोधण्यात घालविणाऱ्यास मात्र ‘नुसते पाहिले, त्याचे कसले पैसे?’ असे विचारतो. भाग बदलणाऱ्यास उत्तेजन आणि विचार करणाऱ्यास दंड, अशी ही व्यवस्था आहे.

२०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली, हे स्वागतार्हच आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या अशा गाड्या त्यामुळे टिकतील. पण त्यांची नाडी ओळखणाऱ्या हातांचे काय? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा मिस्त्रींना मानधन देऊन शिकविण्यास बोलवावे. आणि प्रत्येक गॅरेजच्या बिलात ‘तपासणी’ असे वेगळे कलम असावे. ते कलम पाहून कुरकुर न करण्याची जबाबदारी अर्थातच आपली, ग्राहकांची आहे.