चिकूला मान, मोहाला बेडी

बोर्डीला चिकूपासून वाइन तयार होते, ही पालघर जिल्ह्यास भूषणावह गोष्ट होय. डहाणू-घोलवडच्या चिकूस 2016 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. परंतु पिकलेले फळ टिकत नाही आणि भाव कोसळला की बागायतदार हतबल होतो. अशा नाशवंत मालास बाटलीत मोल यावे, हे अर्थशास्त्रास धरूनच आहे.

मग याच जिल्ह्यातील मोहाचे काय? ब्रिटिश सरकारने 1892 च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध घातले. स्वराज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला. फळ आणि फूल आंबते एकाच नियमाने. मोह पुढे भट्टीवर चढतो, एवढाच फरक. तरी बागायतदाराचा तो उद्योग आणि आदिवासीचा तो गुन्हा!

व्यसनाची भीती निराधार नाही. पण बोईसर-तारापूरच्या कामगाराचा पगार परवानाधारक दुकानातील बाटलीतही बुडतोच. मध्य प्रदेशाने 2021 मध्ये मोहाच्या मद्यास वारशाचा दर्जा देण्याचे जाहीर केले. महाराष्ट्रानेही आदिवासींच्या सहकारी संस्थांना परवाना द्यावा, शुद्धतेची तपासणी सक्तीची करावी. कायद्याने मद्य पाहावे. ते गाळणाऱ्याची ऐपत पाहू नये.