नोकरी कामाची की रूपाची?

विमानात प्रवाशांची देखभाल करणाऱ्या स्त्रीस आपली मराठी भाषा गेली अनेक दशके 'हवाई सुंदरी' म्हणत आली आहे. तेच काम करणाऱ्या पुरुषास 'हवाई सुंदर' म्हणावे, असे मात्र कोणाच्या स्वप्नातही आले नाही. पुरुषाचे नाव त्याच्या कामावरून पडले, स्त्रीचे तिच्या रूपावरून. शब्द भाबडेपणाने रूढ झाला असेल. तथापि त्या व्यवसायाची पहिली अट समाज काय समजतो, हे त्या एका शब्दात उघडे पडते. ही समजूत शब्दापुरती राहिली असती तर आम्ही तिची दखल घेतली नसती. परंतु ती नेमणुकीच्या नियमांत उतरली, वजनकाट्यावर चढली आणि तिच्यापायी शिकल्यासवरल्या स्त्रियांच्या हातची भाकरी गेली. नोकरीतील रूपाचा प्रश्न म्हणूनच आम्ही शृंगाराचा मानीत नाही; तो न्यायाचा प्रश्न आहे.

विमानातील सेविकेचे खरे काम कोणते, याची साक्ष इतिहासानेच ठेवली आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲम कंपनीचे विमान कराचीच्या विमानतळावर सशस्त्र अतिरेक्यांनी ताब्यात घेतले. तेवीस वर्षेही पुरी न झालेल्या नीरजा भनोत यांनी त्या प्रदीर्घ ओलीसनाट्याच्या अखेरीस आपत्कालीन दरवाजा उघडून प्रवाशांस बाहेर काढले आणि त्यांना वाचविताना प्राण वेचले. राष्ट्राने त्यांस मरणोत्तर अशोकचक्र दिले, ते त्यांच्या धैर्यास आणि प्रसंगावधानास. ज्या क्षणी या व्यवसायाची खरी परीक्षा होते, त्या क्षणी ओठांचा रंग आणि कमरेचा घेर यांचा काडीचाही उपयोग नसतो.

असे असता नियम काय सांगत होते? एअर इंडियाच्या जुन्या सेवानियमांप्रमाणे सेविकेस पस्तिसाव्या वर्षी, अथवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, अथवा पहिल्या गर्भारपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा नोकरी सोडावी लागे. वयाची मुदत पंचेचाळीसपर्यंत वाढविणे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर असे. बरोबरीने काम करणारा पुरुष मात्र अठ्ठावन्नपर्यंत निर्धास्त. नर्गेश मीर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गर्भारपणाची अट आणि संचालकांची ती बेलगाम मर्जी, दोन्ही रद्द ठरविल्या. प्रवाशांच्या आवडीनिवडीसाठी तरुण स्त्रियांस शोभेच्या वस्तूंप्रमाणे नेमावे, हा विचारही न्यायालयाने झिडकारला आणि अनुभवी स्त्रिया ही सेवा अधिक चांगली करू शकतील, असे बजावले. हे सर्व स्वागतार्हच होते. परंतु पहिल्या चार वर्षांतील विवाहबंदी न्यायालयाने राहू दिली. आणि स्त्रियांचा व पुरुषांचा संवर्ग वेगळा, म्हणून त्यांचे नियमही वेगळे असू शकतात, हेही मान्य केले. दार उघडले, पण अर्धेच.

त्या अर्ध्या उघड्या दारातून वजनकाटा आत आला. जानेवारी २००९ मध्ये वजन अधिक भरते म्हणून काही सेविकांस नोकरीवरून दूर करण्यात आले. पुढे २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बॉडी मास इंडेक्सची, म्हणजे किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याची, मोजपट्टी लावली. पुरुषांसाठी १८ ते २५ हा आकडा योग्य ठरला; स्त्रियांसाठी १८ ते २२. वाचकांनी साधे गणित करून पाहावे. १६० सेंटीमीटर उंचीचा पुरुष ६४ किलोंपर्यंत 'योग्य'. त्याच उंचीची स्त्री ५६ किलोंच्या थोडी पुढे गेली की 'स्थूल' होण्याच्या वाटेवर. नियमाचे कारण आरोग्य म्हणावे, तर वैद्यकशास्त्र या कामासाठी सर्वसाधारणपणे स्त्री-पुरुषांस एकच मर्यादा लावते. मग हे सात-आठ किलो कोणी कापले? ते आरोग्याने कापलेले नाहीत, पाहणाऱ्याच्या नजरेने कापले आहेत, असे म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिवाय या मापाची मूळ कल्पना ज्या अडोल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली, ते बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ होते. मोठ्या समूहाची सरासरी काढणे हा त्यांचा हेतू होता. हा आकडा स्नायू आणि चरबी यांत भेद करू शकत नाही. त्यावर एकेका व्यक्तीच्या पोटापाण्याचा निवाडा करणे म्हणजे फूटपट्टीने ताप मोजण्यासारखे आहे.

आता पुरुषही या जात्यात भरडले जाऊ लागले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाच्या ज्या नव्या सूचना वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्या, त्यांत टक्कल पडू लागलेल्या पुरुषांनी डोके पूर्ण भादरावे, पिकल्या केसांस कलप लावावा आणि स्त्रियांची टिकली अर्ध्या सेंटीमीटरहून मोठी नसावी, असे म्हटले होते. केस पिकणे हा आपल्याकडे एके काळी आदराचा विषय होता. तो आता शिस्तभंगाचा विषय होऊ पाहत आहे.

हे आकाशातील लोकांचे दुखणे, आपल्याला त्याचे काय, असे जमिनीवरच्या वाचकांनी समजू नये. केरळात कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांस गिऱ्हाइकासमोर बसणे हा अदब सोडण्याचा प्रकार मानला जाई. दहा-बारा तास उभे राहून पाय सुजलेल्या त्या स्त्रियांनी चळवळ केली, तेव्हा कोठे २०१८ मध्ये तेथील कायद्यात बसण्याचा हक्क आला. तमिळनाडूने २०२१ मध्ये त्याचे अनुकरण केले. मार्च २०२५ मध्ये केरळच्या तत्कालीन मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी आपल्या काळ्या वर्णावरून झालेल्या शेरेबाजीविषयी जाहीरपणे लिहिले. राज्याच्या प्रशासनातील सर्वोच्च खुर्चीवर बसलेल्या स्त्रीच्या कारभाराची तुलना जर तिच्या कातडीच्या रंगाशी होते, तर मुलाखतीच्या खोलीबाहेर फाइल छातीशी धरून बसलेल्या सावळ्या मुलीची काय कथा? कांदेपोह्यांची बशी तेवढी समोर नसते. बाकी वधूपरीक्षा तीच.

आमच्या या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातील, आणि ते सर्वस्वी टाकाऊ नाहीत. मालकाने टापटीप मागू नये काय? अवश्य मागावी. वर्गात काही वर्षे खडू हाती धरलेल्या आम्हांस ठाऊक आहे की, शिक्षकाच्या स्वच्छ वेशाचाही विद्यार्थ्यांवर संस्कार होतो. गणवेशाचा एक मोठा गुण असा की, तो श्रीमंत-गरीब हा भेद झाकतो. शस्त्रक्रियागृहात केस झाकणे, यंत्रापाशी सैल पदर न ठेवणे, हे नियम कामातूनच निघालेले आहेत. विमानाच्या अरुंद वाटेने चपळाईने जाता यावे, अवजड दरवाजा उघडता यावा, हीही रास्त अपेक्षा होय. पण मग तीच परीक्षा घ्यावी. दार उघडावयास लावावे, जिना चढावयास लावावे, पोहावयास लावावे. जी स्त्री हे करून दाखविते तिला काट्यावर उभी करण्याचे कारण उरत नाही. जी सडपातळ असूनही हे करू शकत नाही, तिला काट्याने दिलेले प्रशस्तिपत्र कुचकामाचे.

पाहणाऱ्याच्या नजरेची किंमत मनास मोजावी लागते, ती पगारपत्रकात दिसत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांस पोहण्याचा पोशाख आणि काहींस स्वेटर घालावयास देऊन, एकांतात, गणिते सोडवावयास दिली. पोहण्याच्या पोशाखातील मुलींची गणिते इतर मुलींपेक्षा अधिक चुकली. मुलांमध्ये असा फरक आढळला नाही. खोलीत पाहणारे कोणी नव्हते. पण आपल्या देहाकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय मुलींस लहानपणापासून इतकी जडलेली असते की, बुद्धीचा एक हिस्सा त्या पहाऱ्यावरच खर्च होतो. उपाशीपोटी कामावर जाणारी, महिन्याच्या वजनाच्या तारखेने झोप उडालेली नोकरदार स्त्री कोणत्या मनःस्थितीत काम करीत असेल, याचा विचार व्यवस्थापकांनी करावा. एका हाताने मानसिक आरोग्याच्या कार्यशाळा भरवायच्या आणि दुसऱ्या हाताने काटा पुढे करायचा, हा प्रकार म्हणजे विंचू सोडून मंत्र विकण्यापैकी आहे.

आपल्या देहाचा सानंद स्वीकार करा, असे सांगणारी एक चळवळ पश्चिमेत उभी राहिली व आता आपल्या शहरांतही रुजत आहे. तिच्या हेतूविषयी आम्हांस आदर आहे. परंतु तिच्यातील एक धोकाही सांगितला पाहिजे. नियम जसेच्या तसे ठेवून स्त्रीलाच 'तू स्वतःवर प्रेम कर' असे सांगणे, हे तिच्या शिरावर आणखी एक काम लादणे होय. बाजार तर त्याहून हुशार. १९७५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले. शब्द बदलला, पण डबी बाजारातच राहिली. ज्यांच्या हाती नेमणुकीचे आणि बढतीचे अधिकार आहेत त्यांची लेखणी बदलल्याखेरीज नुसत्या आत्मप्रेमाच्या उपदेशाने कोणाची नोकरी वाचत नाही.

लेखणी बदलू शकते, याचे दाखले आहेत. अमेरिकेत ॲन हॉपकिन्स यांस हिशेबतपासनीसांच्या एका बड्या कंपनीने भागीदारी नाकारली आणि अधिक बायकी चाला, बोला, दागिने घाला, असा सल्ला दिला. १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा साचेबंद कल्पनांवर निर्णय घेणे हा भेदभावच होय, असे ठरविले. जपानात उंच टाचांच्या सक्तीविरुद्ध २०१९ मध्ये युमी इशिकावा यांनी हजारो सह्यांचा अर्ज सरकारला दिला. पुढल्याच वर्षी जपान एअरलाइन्सने आपल्या सेविकांवरील ती सक्ती उठविली. विमाने त्यानंतरही उडतच आहेत.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. रूपाविषयीच्या प्रत्येक नियमास तीन प्रश्न विचारले जावेत. हा नियम कामाच्या गरजेतून निघाला आहे काय? तो स्त्री-पुरुषांस सारखाच लागू आहे काय? आणि त्याचा खर्च, मग तो पैशाचा असो, वेळेचा असो वा मनःस्वास्थ्याचा, कोण सोसते? ज्या नियमास या तिहींची समाधानकारक उत्तरे नसतील, तो सरकारी असो वा खाजगी, त्यास पुस्तकात जागा नसावी. समान संधीचे वचन आपल्या राज्यघटनेने सरकारी सेवेपुरते १९५० पासूनच दिले आहे. खाजगी मालकांसही ते बंधनकारक करणारा स्पष्ट कायदा संसदेने करावा. आणि वाचकांपैकी जे उद्या एखाद्या निवड समितीवर बसतील त्यांनी, समोरच्या उमेदवाराचे रूप डोळ्यांत भरण्यापूर्वी, तिच्या हातातील कागद वाचून पाहावेत. न्यायाची सुरुवात करण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.