हप्त्याला सक्षमीकरण म्हणू नका

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत कौटुंबिक हिंसाचारावर बैठक होती. अठरा जणी आल्या आणि पंधरा मिनिटांत त्यातल्या बारा उठल्या. "ताई, आज सेंटर आहे. साहेब आलेत." दोन गल्ल्या पलीकडे एका फायनान्स कंपनीचा तरुण सतरंजीवर हप्ते मोजत बसला होता. एकीचा हप्ता आला नव्हता, कारण तिचं पोर दवाखान्यात होतं. पैसे येईपर्यंत त्याने कुणालाच उठू दिले नाही. शेवटी तिच्या शेजारणीनेच दारात जाऊन तिला शिव्या घातल्या. हीच शेजारीण वर्षापूर्वी तिच्या नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला रात्रभर पोलीस ठाण्यात बसली होती.

मैत्रिणींनो, बाईने बाईसाठी उभे राहावे म्हणून आपण गट बांधले. त्याच एकजुटीचा आज जामीन म्हणून वापर होतो आहे. कंपन्या जवळजवळ शंभर टक्के परतफेडीचा अभिमान मिरवतात. ही परतफेड कशातून येते? धंद्याच्या नफ्यातून, की शेजारणीच्या धाकातून, उपाशी राहून, दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढून?

व्याजाचा हिशेबही नीट मांडू या. समजा १२,००० रुपये कर्ज, 'फक्त बारा टक्के', दरमहा १,१२० चे बारा हप्ते. व्याज झाले १,४४०. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, म्हणजे बाईच्या हाती वर्षभरात सरासरी साडेसहा हजारच असतात. खरा दर बावीस टक्क्यांच्या आसपास जातो. खरा दर कागदावर देणे आज बंधनकारक आहे, पण सतरंजीवर तो कागद वाचून कोण दाखवतो?

गरिबाला कर्ज देऊन नफा कमवायचा आणि त्यालाच समाजसेवा म्हणायचे, याचे टोक आपण आंध्र प्रदेशात पाहिले. स्वयंसेवी संस्था म्हणून सुरू झालेली एसकेएस ऑगस्ट २०१० मध्ये शेअर बाजारात उतरली. त्याच वर्षी कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. पुढे रिझर्व्ह बँकेने व्याजावर मर्यादा घातली. २०२२ मध्ये तीही उठवली. हप्ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत, असा नियम मात्र तेव्हा आला. निम्मे उत्पन्न! उरलेल्या निम्म्यात भाडे, रेशन, औषध भागवून दाखवावे कुणीतरी.

"मग बायांनी सावकाराकडे जावे का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नाही. पैसा बाईच्या कामी येऊ शकतो, हे बायांनीच सिद्ध केले आहे. १९७४ मध्ये अहमदाबादेत असंघटित कष्टकरी बायांनी सेवा बँक उभारली. १९७५ मध्ये मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्यांची अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेची दारे उघडायला लावली. १९९७ मध्ये म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सेवा आणि माणदेशी या बँकांच्या मालक सभासद बायाच आहेत. व्याज कुणाच्या खिशात जाते आणि दर कोण ठरवते, हाच खरा फरक आहे. सरकारनेही २०१३ मध्ये भारतीय महिला बँक काढली आणि २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन करून टाकली.

यात आपला वाटाही कबूल करायला हवा. एमएसडब्ल्यू झाल्यावर पहिल्या नोकरीत मी बचत गट बांधले. एका कंपनीला त्या बायांच्या याद्या संस्थेने दिल्या आणि त्या मी लिहिल्या होत्या. 'लिंकेज' या गोंडस शब्दाखाली आम्ही बायांचा विश्वास विकला.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. आपल्या संघटनांनी कंपन्यांची दलाली, कमिशन आणि याद्या देणे बंद करावे. प्रत्येक बैठकीत कर्जाचा कागद मोठ्याने वाचावा. धमकी देऊन वसुली करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, म्हणून अशा तक्रारी लेखी करून सगळ्याजणींनी मिळून द्याव्यात. आजारपण आणि शाळेच्या फीसाठी बाईला कर्ज काढावे लागते, याचा जाब सरकारला विचारावा.

त्या दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. या नुकसानीची नोंद कुठल्या कंपनीच्या ताळेबंदात होणार?