विमानातील बाटली : विकणारा मोकळा, पिणारा आरोपी

मार्च २०२३ मध्ये दुबईहून मुंबईस आलेल्या एका विमानातील दोन प्रवाशांना विमान उतरल्यावर सहार पोलिसांनी अटक केली. एक पालघर जिल्ह्यातील, दुसरा कोल्हापूरचा. दोघेही आखातात वर्षभर काम करून घरी परतत होते. विमानतळावरील शुल्कमुक्त दुकानातून घेतलेली दारू त्यांनी विमानातच उघडली, गावी परतण्याचा आनंद साजरा करू लागले आणि सहप्रवाशांनी हरकत घेताच त्यांना व मध्ये पडलेल्या कर्मचाऱ्यांना शिवीगाळ केली, असा त्यांच्यावर आरोप होता. पुढे न्यायालयाने दोघांना जामीन दिला. बातमी एवढीच आहे. परंतु त्या बातमीतील बाटलीकडे थोडे अधिक लक्ष द्यावयास हवे. ती विमानात कोणी पोहोचविली, कोणाच्या संमतीने पोहोचविली आणि तिच्यापासून नफा कोणाला झाला, हे विचारल्यावाचून त्या दोघांच्या अपराधाचे माप नीट घेता येणार नाही.

त्यांचे वर्तन समर्थनीय होते असे कोणी म्हणणार नाही. विमान म्हणजे एस.टी.ची गाडी नव्हे. गाडीत कोणी धिंगाणा घातला तर वाहक घंटी मारून गाडी थांबवितो, दंगेखोराला रस्त्यावर उतरवितो आणि बाकीचे प्रवासी पुढे जातात. तीस-पस्तीस हजार फुटांवर ही सोय नाही. शिवाय उडत्या विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच तो ठेवलेला असतो. २०२४ साली जर्मन संशोधकांनी अशा कमी दाबाच्या कक्षात निरोगी तरुणांना मद्य देऊन झोपविले, तेव्हा त्यांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास उतरल्याचे आढळले. जमिनीवर एरवी निभावून जाणारी मात्रा आकाशात शरीराला जड जाते, एवढे तरी त्यावरून समजावे.

म्हणूनच, प्रवाशाने स्वतःजवळची दारू विमानात पिऊ नये, असा नियम बहुतेक ठिकाणी आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांत तो स्वच्छ शब्दांत लिहिलेला आहे : कंपनीने वाढलेल्या मद्याखेरीज अन्य कोणतेही मद्य विमानात कोणी पिऊ नये. जानेवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने आपल्या सुधारित धोरणात हेच कलम घातले. त्यामागील तर्क बिनतोड आहे. कर्मचाऱ्याच्या हातून पेला मिळतो तेव्हा किती पेले गेले याची मोजदाद राहते. कोणाला थांबवावयाचे हे ठरविता येते. प्रवाशाच्या पिशवीतील बाटलीला असा मोजणारा कोणी नसतो.

यावर काही सुशिक्षित मंडळी किमतीचा मुद्दा काढतात. विमानात छोटीशी बाटली अव्वाच्या सव्वा दराने विकायची आणि ग्राहकाने स्वतःची आणली तर त्याला गुन्हेगार ठरवायचे, ही मक्तेदारी नव्हे काय, असा त्यांचा सवाल असतो. आकाशातील विक्रेत्याला प्रतिस्पर्धी नसतो हे खरे आणि तो त्याचा लाभ उठवितो हेही खरे. पण ही तक्रार पाण्याबद्दल आणि जेवणाबद्दल करावी. तेथे ती रास्त आहे. मद्य महाग पडले म्हणून कोणाचे काही अडत नाही. आणि ज्या विमानांत मद्य वाढलेच जात नाही, तेथे या युक्तिवादाला जागाच उरत नाही. भारतातील देशांतर्गत उड्डाणांत मद्य दिले जात नाही. आखाती मार्गावरील काही स्वस्त सेवांतही ते मिळत नाही; अशा विमानात मद्य आलेच तर ते प्रवाशाच्या हातसामानातून आलेले असते.

मग प्रश्न असा पडतो की, ज्या वस्तूचा विमानात उपयोग करणे निषिद्ध आहे ती विमानात नेऊच का दिली जाते? ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट उघडकीस आला, आणि तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवाशाच्या हातसामानात १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतील द्रव चालेनासा झाला. नव्या तपासणी यंत्रांमुळे काही विमानतळांवर हे बंधन आता सैल होत असले, तरी जवळजवळ वीस वर्षे जगभरच्या प्रवाशांनी पाण्याच्या बाटल्या, केसांना लावायचे तेल आणि आईने बांधून दिलेले लोणचे तपासणीच्या टेबलाशी सोडून दिले. परंतु त्याच टेबलापासून दहा पावले पुढे गेले की झगमगीत दुकानात व्हिस्कीची एक लिटरची काचेची बाटली विकत मिळते, आणि ती पारदर्शक पिशवीत मोहोरबंद करून दिली की सुरक्षेला कोणताही धोका उरत नाही. पिशवीवर, मुक्कामी पोहोचेपर्यंत उघडू नये, अशी सूचना छापलेली असते. हा कागदी बंदोबस्त झाला की विक्रेत्याची जबाबदारी संपली. पिशवी फाडायला नखे पुरतात. आणि ती फाडली गेली तर काय करावयाचे, हा प्रश्न मात्र गल्ली सावरत पाण्याचे पेले वाटणाऱ्या सेविकेचा.

प्रवाशाच्या सामानातील मद्याविषयी आंतरराष्ट्रीय नियम आहेत, नाहीत असे नाही. ७० टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले पेय नेता येत नाही. २४ ते ७० टक्क्यांच्या दरम्यानचे दरडोई पाच लिटरपर्यंत नेता येते. पण हे नियम आगीच्या भीतीने केलेले आहेत. ते फक्त बाटलीच्या ज्वालाग्राहीपणाचा विचार करतात. राज्यांचे मद्यविषयक कायदे तर आणखी निराळे. त्यामुळे पाच लिटरचा आकडा वाचून गोव्याहून विमानाने निघालेल्या माणसाला आपण कायद्यात बसतो असे वाटते. तेच मद्य घेऊन एखादा मजूर बसने महाराष्ट्रात येऊ लागला तर इन्सुलीच्या नाक्यावर त्याची पिशवी उघडली जाते आणि तो खटल्यात सापडतो. कायदा दोघांना एकच आहे. नाका मात्र एकाच्याच वाटेवर आहे.

या विसंगतीचे मूळ अर्थकारणात आहे. शुल्कमुक्त दुकानांची प्रथा १९४७ साली आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर सुरू झाली. विमानाने प्रवास करणारी माणसे तेव्हा मूठभर होती, आणि त्यांना करातून सूट देण्याचे आर्थिक समर्थन तेव्हाही दुबळेच होते. आज ही दुकाने विमानतळांच्या उत्पन्नाचा भरवशाचा झरा बनली आहेत. दुबईतील असे दुकान १९८३ साली तेथील सरकारनेच काढले. आपल्याकडे २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने दुकाने, वाहनतळ इत्यादींपासून विमानतळाला होणाऱ्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग प्रवाशांवरील शुल्क कमी करण्याकडे वळविण्याचे तत्त्व स्वीकारले. उरलेला ७० टक्के भाग विमानतळ चालविणाऱ्याचा. बाटली खपण्यात कोणाचा रस आहे हे यावरून कळते. स्कॉचसारख्या आयात मद्यावर या देशात दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क होते, तर विमानाने येणाऱ्याला दोन लिटर मद्य बिनशुल्क आणता येते. करमाफी म्हणजे सरकारने दिलेली मदतच असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. गावच्या दुकानात देशी दारू पिणारा शेतमजूर प्रत्येक घोटाला उत्पादन शुल्क भरतो. विमानाच्या प्रवाशाला मात्र ही मदत मिळते आणि तिचे नाव सवलत असते.

जो वर्ग या व्यवस्थेचा पाहुणा आहे आणि जो नाही, त्यांना मिळणाऱ्या वागणुकीतही अंतर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून दिल्लीस येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात, बिझनेस क्लासमध्ये, मद्यधुंद सहप्रवाशाने एका वृद्ध महिलेच्या अंगावर लघवी केल्याचा आरोप झाला. तो प्रवासी दिल्लीस उतरून सुखरूप निघून गेला. गुन्हा नोंदला गेला तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मग गहजब झाला, नियंत्रक संचालनालयाने कंपनीस ३० लाख रुपये दंड केला आणि वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला. त्याच जानेवारीत दिल्लीहून पाटण्याच्या विमानात दारू पिऊन चढलेल्या दोघांना उतरताच अटक झाली, कारण बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी आहे. मार्चमधील दुबईच्या विमानातील ते दोघेही उतरताच पकडले गेले. न्यूयॉर्क प्रकरणानंतर कंपन्या अधिक दक्ष झाल्या असतील, हे मान्य केले पाहिजे. तरीही ही दक्षता प्रथम कोणाच्या वाट्याला आली हे नजरेआड करता येत नाही.

या साऱ्यात ज्यांचा विचार कोणी करीत नाही ते म्हणजे विमानातील कर्मचारी. ते त्यांचे कामाचे ठिकाण आहे. कारखान्यात धोकादायक वस्तू आत येऊ न देणे ही मालकाची जबाबदारी मानली जाते आणि तिच्यासाठी कामगार संघटना दशकानुदशके झगडल्या आहेत. विमानात मात्र ती वस्तू आत येऊ द्यायची, तिचा परिणाम झाला की कर्मचाऱ्याने हसतमुखाने समजूत घालायची आणि शिव्या खायच्या, अशी रीत आहे. महाराष्ट्रात मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातील महिलांना बहुमताने बाटली आडवी करून दुकान बंद करविता येते. विमानात सेवा देणाऱ्यांत बहुसंख्य महिलाच आहेत. त्यांचे मत विचारण्याची सोय कोठेही नाही. २०१७ पासून आपल्याकडे बेशिस्त प्रवाशांना तीन महिन्यांपासून दोन वर्षे व त्याहून अधिक काळ उड्डाणबंदीची शिक्षा देता येते. पण ही शिक्षा प्रसंग घडल्यानंतरची आहे, आणि ती दुकानाला लागू नाही.

उपाय अवघड नाही. प्रस्थानाच्या वेळी होणारी मद्यविक्री बंद करावी आणि ज्याला मद्य हवे त्याला ते मुक्कामी उतरल्यावर मिळावे. नॉर्वेने २००५ साली आगमनाच्या वेळी शुल्कमुक्त विक्री सुरू केली. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर अशी दुकाने आहेतच. शुल्कमाफी असावी की नसावी हा वाद त्यानंतरही राहील आणि तो राहावा. पण निदान बाटली प्रवाशाच्या मांडीवर बसून येणार नाही, आणि लाखो काचेच्या बाटल्या इंधन जाळून एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचा वेडगळपणाही थांबेल. दुसऱ्या देशाच्या विमानतळावर आपले चालत नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु विमानकंपनी तर आपली असते. विमानाच्या दारात मोहोरबंद पिशव्या घेऊन त्या मालकाच्या खणात टाकाव्यात, उतरल्यावर सामानपट्ट्यावर द्याव्यात. २०१५ साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविकहून इबिझास जाणाऱ्या उड्डाणांत रायनएअरने असेच बंधन घातले होते : मद्य आसनापर्यंत नेता येणार नाही, बॅगेत असेल तर ती बॅग मालकाच्या खणात जाईल. अर्थात तीच कंपनी विमानात स्वतःचे मद्य विकत राहिली, तेव्हा तिच्या सद्हेतूवर फार विसंबून राहण्याचे कारण नाही. पण जे करता येत नाही असे सांगितले जाते ते करता येते, एवढे तिने दाखविले.

मुंबईच्या आगमन कक्षात ते दुकान सामानपट्ट्याच्या वाटेवरच आहे. कोल्हापूरच्या त्या प्रवाशाला त्याची बाटली तेथे मिळाली असती, आणि वर्षभराने घरी जाताना ती रात्र त्याला सहार पोलीस ठाण्यात काढावी लागली नसती.