परत आलास? कुठं?

परदेशातून भारतात परतलेल्या आमच्या आयटीवाल्या मंडळींचं एक ठरलेलं वाक्य असतं. "पगार कमी झाला रे, पण आई-बाबांसाठी परत आलो." ऐकणारा लगेच हळवा होतो. मी होत नाही. मी विचारतो, "आई-बाबा कुठं असतात?" "सोलापूरला." "आणि तू?" "बाणेरला."

आता बघा, गाव सोलापूर, मुक्काम पुणे, मधे साधारण 250 किलोमीटर. याला घरी परतणं म्हणायचं? 'स्वदेस' येऊनही (2004) इतकी वर्षं झाली. त्यातला मोहन निदान कावेरीअम्माच्या गावापर्यंत तरी गेला होता.

माझं भांडण पुण्याशी नाही. नोकऱ्या तिथं आहेत, माणूस नोकरीच्या मागं जाणारच. अमेरिकेचा कंटाळा आला म्हणून आलात, तरी माझी हरकत नाही. एच-वन-बी साधारण 6 वर्षांचा, ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला वर्षाला 7 टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग काही केल्या संपत नाही. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांसाठी 1 लाख डॉलरची फी जाहीर झाली. हा सगळा हिशोब मांडून कोणी बॅगा भरल्या, तर तो शहाणाच. पण मग हिशोबच सांगा ना. आई-बापाच्या नावावर बिल कशाला फाडता?

खरा घोळ तर पुढंच होतो. वर्ष-दोन वर्षांत अकराव्या मजल्यावरची तिसरी बेडरूम तयार होते, सोलापूरच्या घराला कुलूप लागतं आणि आई-बाबांना पुण्याला 'आणलं' जातं. वयाच्या 72 व्या वर्षी. म्हणजे मुलगा मायदेशी आला आणि आई-बाप परदेशी गेले!

हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाहीये. आपण 23-24 व्या वर्षी न्यू जर्सीला उतरलो तेव्हा आपल्याकडे रूममेट होते, पगार होता, नाहीच जमलं तर परतीचं तिकीट होतं. यांच्याकडे काय आहे? सोलापुरात बाबा भाजी आणायला निघाले की कोपऱ्यापर्यंत चार माणसं थांबवतात. एक मराठीत, एक कन्नडमध्ये, एक तेलुगूत, आणि चौथा नुसतंच "काय बे!" बाणेरच्या लिफ्टमध्ये कोणाला "काय बे" म्हणून बघा, सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येईल. आईला दूधवाल्याला दार उघडायचं तरी आधी ॲपवर परवानगी द्यावी लागते. आणि मुलगा-सून? सकाळी 9 ला बाहेर, रात्री 8 ला घरात, जेवून पुन्हा अमेरिकेचा कॉल.

"पण सोलापुरात हॉस्पिटलं कुठं आहेत?" हा प्रश्न हमखास येतो. अहो, तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज 1963 चं आहे. धाराशिव, कलबुर्गी, विजापूरकडचे पेशंट उपचाराला सोलापुरात येतात, आणि आपण तिथून पळतोय. एखाद्या मोठ्या ऑपरेशनला पुणं लागेलही. पण तेवढ्यासाठी माणसाचं अख्खं म्हातारपण हलवायचं?

"पण आमच्या कामाचं काय?" हा मुद्दा मात्र खरा आहे. सोलापुरात आपल्या पगाराच्या नोकऱ्या नाहीत. 2020 मध्ये सगळं घरून चाललं, नंतर बऱ्याच कंपन्यांनी ऑफिसला बोलावलं, हेही मान्य. पण आपण मागितलं तरी का? जॉइनिंग बोनस, हुद्दा, शेअर्स यांच्यासाठी चार-चार फेऱ्या घासाघीस करणारे आपण. "महिन्यातले 15 दिवस गावाहून काम करेन" हे वाक्य त्यात किती जणांनी उच्चारलं? मी 5 वर्षं बाहेर काढून आलो तेव्हा हीच अट घातली. एका कंपनीनं नाही म्हटलं, दुसरीनं थोडा पगार कापून हो म्हटलं. प्रत्येकाला जमेल असं नाही. पण न मागताच 'जमत नाही' म्हणणाऱ्यांची संख्या जरा जास्तच आहे.

आणि परत यायलाच हवं असा माझा आग्रहही नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. 1938 मध्ये चीनला गेले, 1942 मध्ये तिथंच वारले, परत आलेच नाहीत. तरी गावानं त्यांचं स्मारक केलं. न येणाऱ्याचं सोलापूरला वावडं नाही. न येता 'आलो' म्हणणाऱ्याचं काय करायचं, एवढाच प्रश्न आहे.

तेव्हा मंडळी, खुशाल बाणेरला राहा, खराडीला राहा. फक्त त्याला त्याग म्हणू नका. आणि आई-बाबांसाठीच आला असाल, तर त्यांना कुठं राहायचंय हे आधी त्यांना विचारा. ते "इथंच बरं आहे" म्हणाले, तर त्याचा अर्थ "अजून थोडं समजावून सांग" असा होत नाही.